कुलूपशंका आणि इतर घरगुती शब्द

कुलूपशंका हा शब्द तुम्हाला कुठल्याही कोशात सापडणार नाही. दाराला कुलूप लावायचं, जिना उतरायचा, गाडी सुरू करायची आणि नेमकं तेव्हाच मनात यायचं, कुलूप नीट बसलं ना? मग परत वर. या प्रकाराला आमच्याकडे कुलूपशंका म्हणतात. शब्द माझ्या नवऱ्याचा. "थांब, कुलूपशंका झाली," असं म्हणून तो पहिल्यांदा जिन्याकडे पळाला तेव्हा मला अर्थ विचारावा लागला नाही. पार्किंगमध्ये भाजीची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या शेजारच्या मावशींनाही लागला नाही. त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांना गॅसशंका होते. द्वारका सर्कल आलं की मग."

शब्द पोचला याची याहून पक्की पावती कुठली? मावशींना तो नुसता कळला नव्हता, त्यांनी त्याच साच्यातून लगेच दुसरा काढून हातात ठेवला होता.

आता हा कळला का, तर लघुशंकेमुळे. त्या शब्दातली 'शंका' ही काही शंका नव्हेच; बोलायला संकोच वाटतो म्हणून पुढे केलेला तो आडपडदा. पण गोष्ट कशी आहे? थोपवता येत नाही, उरकल्याशिवाय चैन पडत नाही आणि चारचौघांत सांगताना आवाज आपोआप खाली येतो. कुलपाचं अगदी हेच असतं. नवऱ्याने हा सगळा जुना माल फुकटात उचलला आणि पुढे कुलूप अडकवलं. नुसतं 'कुलपाची शंका' म्हटलं असतं तर मावशी हसल्या नसत्या.

घरोघरी असले शब्द असतात. त्यातले कुठले बाहेरच्या माणसाला ऐकताक्षणी कळतात आणि कुठले त्याच्या डोक्यावरून जातात, यावर मी बारीक लक्ष ठेवून असते. हा उद्योग निरुपयोगी आहे, पण नाशिकमध्ये सिग्नलला उभं राहून करायला चांगला आहे.

महाभाष्य या संस्कृत व्याकरणावरच्या जुन्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच पतंजलीने एक मजेदार गोष्ट सांगितली आहे. घडा हवा असला की माणूस कुंभाराच्या घरी जातो आणि म्हणतो, घडा कर, मला लागणार आहे. पण शब्द हवेत म्हणून कुणी वैयाकरणाच्या घरी जाऊन 'शब्द करून द्या, मला वापरायचे आहेत' असं म्हणत नाही. पतंजलीला म्हणायचं होतं ते वेगळं: शब्द आधीपासून आहेतच, ते कुणी घडवत नाही. मी मात्र ते वाक्य माझ्या सोयीने वाचते. वैयाकरणाकडे जात नाहीत, कारण घरीच होतात. आमच्या घरचा कारागीर अंबडच्या एका कारखान्यात दिवसभर सुटे भाग मोजतो आणि व्याकरणाशी त्याचा संबंध दहावीला सुटला.

त्याच परंपरेत मनाला येईल तसा ठेवलेल्या शब्दासाठी एक खणही होता. यदृच्छाशब्द. त्याची ठरलेली उदाहरणं म्हणजे 'डित्थ' आणि 'डवित्थ'. धातू नाही, व्युत्पत्ती नाही, कुणीतरी कशाला तरी दिलेलं नाव. काही टीकाकारांनी डित्थ म्हणजे लाकडी हत्ती असं सांगून टाकलं आहे. बिनअर्थाचा शब्द फार वेळ तसाच बघवत नाही, पंडितांनासुद्धा. आणि खरं सांगू का, हत्ती पटतो. डित्थ म्हटल्यावर जड, आखूड पायांचं काहीतरी उभं राहतं. डित्थ म्हणजे रेशमी उपरणं असं सांगितलं असतं तर मी तरी मानलं नसतं.

मराठीला या खेळाची सवय जुनी आहे. पिवळाधम्मक, काळाकुट्ट, आंबटढाण, गोडमिट्ट. कडूजहर आणि तिखटजाळ यांतले जहर आणि जाळ तरी ओळखीचे आहेत. धम्मक म्हणजे काय? ढाण म्हणजे काय? एकटे उभे केले तर काहीच नाहीत. मिट्ट काळोखातही असतं आणि गोडातही, आणि दोन्हीकडे त्याचं काम एकच: यापुढे जागा नाही, असं सांगणं. निळ्याला आपण धम्मक म्हणत नाही, लिंबाला मिट्ट म्हणत नाही, आणि हे कुणी कधी शिकवलेलं नसतं.

ऑफिसात डब्याच्या वेळी मी एकदा विचारलं, जांभळ्याचा जोडीदार कोण? माझ्या कानावर तरी ठरलेला कुणी नाही. (द्राक्षांच्या जिल्ह्यात तो असायला हवा होता, नाही का?) एकाने 'जांभळागर्द' सुचवलं, ते पुस्तकी वाटलं. दुसरी म्हणाली 'जांभळाकुट्ट'. ती काळ्याकडून केलेली उसनवारी. मग निफाडकडचा एक सहकारी, ज्याच्या घरची बाग आहे, पोळीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, "जांभळाढुम्म." आणि टेबलावर सगळ्यांनी माना डोलावल्या. झालंच, हाच. ढुम्म म्हणजे काय ते त्यालाही सांगता येईना. पण पिकून फुगलेला, रसाने जड झालेला, खाल्ला तर जीभ रंगवेल असा जांभळा सगळ्यांनी पाहिला. मी मुद्दाम 'जांभळाचिट्ट' म्हणून बघितलं. नको म्हणाले. चिट्ट हा धुऊन धुऊन विटलेला जांभळा आहे, असं एकीने ठामपणे सांगितलं, जणू तिच्या कपाटात त्या रंगाची साडी होती.

असं का होतं यावर शास्त्रज्ञांनीही डोकं चालवलं आहे. वोल्फगांग कोलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये दोन आकृत्या दाखवल्या, एक गोलगोल वळणांची, एक टोकदार कोनांची, आणि विचारलं की यातली 'बलुबा' कुठली आणि 'टकेटे' कुठली. बहुतेकांनी गोल आकृतीला बलुबा म्हटलं. पुढे २००१ मध्ये व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी हाच खेळ 'बूबा' आणि 'किकी' या नावांनी मांडला आणि ९५ टक्के लोक गोल आकृतीला बूबा म्हणतात असं लिहिलं. तो आकडा फार गाजला. नंतर, २०२२ मध्ये छापल्या गेलेल्या एका मोठ्या अभ्यासात पंचवीस भाषांच्या ९१७ लोकांना हे नुसतं ऐकवून विचारलं, तेव्हा सरासरी ७२ टक्क्यांवर आली. तुर्की, रोमानियन आणि मँडरिन बोलणाऱ्यांत तर हा कल दिसलाच नाही.

मला ९५ पेक्षा ७२ जास्त खरा वाटतो. आवाजात काहीतरी आहे, पण सगळं नाही. आणि आकृत्या दोनच होत्या, नावं दोनच होती. नुसतं डोळे मिटून बोट ठेवलं तरी निम्म्या वेळा बरोबर येतं. जांभळाढुम्मला माना डोलल्या त्यात ढ आणि म्म यांच्या गोलाईचा वाटा असेल, पण धम्मक ऐकत वाढलेले कान हाही वाटा आहे. दोन्ही वेगळे काढायचे कसे?

हा गुंता मराठीत आणखीच घट्ट आहे. १९२९ मध्येच एडवर्ड सपीर या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने एक प्रयोग छापला. 'मिल' आणि 'माल' असे दोन बनावट शब्द, दोन्हींचा अर्थ टेबल. यातलं मोठं टेबल कुठलं? बहुतेकांनी माल म्हटलं. आ म्हणताना तोंड उघडतं, ई म्हणताना मिटत येतं, म्हणून आ मोठा आणि ई लहान, असं त्याचं कारण देतात. हे वाचल्यावर मला स्वयंपाकघरातली फळी आठवली. डबा आणि डबी. पळा आणि पळी. लोटा आणि लोटी. बाहेर हातोडा-हातोडी, सुरा-सुरी, गाडा-गाडी. सपीरने ज्यासाठी प्रयोग मांडला, ते आपण व्याकरण म्हणून रोज घासूनपुसून ठेवतो. तेव्हा मराठी माणसाला 'मिल लहान' वाटलं तर ते कानाने सांगितलं की लिंगविचाराने, हे कोण ठरवणार?

माझी पुतणी तेव्हा पहिलीत होती. तिला मी म्हटलं, हा एक टुपा आहे. आता दोन काय? "टुपे." माशी कशावर बसली? "टुप्यावर." जीन बर्को या बाईंनी १९५८ मध्ये अमेरिकेतल्या लहान मुलांना 'वग' नावाचा पक्षी दाखवून अनेकवचन विचारलं होतं आणि बहुतेक मुलांनी ते बरोबर केलं होतं. मराठी मुलाला अनेकवचनावर थांबून चालत नाही, सामान्यरूपही करावं लागतं, आणि तिने ते बिस्किट खात केलं. टुपी केवढी असते म्हटल्यावर तिने चिमूट करून दाखवली. मग मी विचारलं, आणि टुपं? तिने जरा विचार केला. "ते बिचारं असतं."

कुत्रं, पोरगं, शिंगरू, वासरू. नपुंसकलिंगात मराठी माणूस कीव ठेवतो, कधीकधी तुच्छताही. शाळेत हे कुणी सांगत नाही. सहा वर्षांच्या मुलीला ते ठाऊक होतं आणि जगात नसलेल्या वस्तूलाही तिने ते लावलं. टुपा म्हणजे काय हे मात्र आम्ही दोघींनी अजून ठरवलेलं नाही.

तर, ऐकताक्षणी कळणारा शब्द बहुतेक वेळा नवा नसतोच. त्याची एक बाजू जुनी असते. माझा स्वतःचा एक शब्द आहे, 'दुपारट'. जेवणं झालेली, पडदे ओढलेले, पंखा फिरतोय, कुणी झोपलेलं नाही आणि कुणी जागंही नाही, असं घर. मातकट, धुरकट, पाणचट, पोरकट, कडवट या घराण्यातला तो ट आहे. चांगल्या वस्तूला थोडं उतरवून ठेवणारा, पण टाकून न देणारा. 'आज ऑफिस फार दुपारट होतं' असं मी कुणालाही न सांगता म्हटलं आणि समोरून उत्तर आलं, "हो ना, साहेबसुद्धा पेंगत होते." आमच्या थोरल्या नणंदेला मात्र हा शब्द आवडत नाही. दुपारी झोपणाऱ्या माणसांनी स्वतःची केलेली भलामण, असं तिचं मत आहे.

कळण्याची खरी निकड मी पाहिली ती एका डॉक्टर मैत्रिणीकडे. दुखण्याच्या बाबतीत मराठी मोठी सावकार आहे: ठणका, ठसठस, चमक, उसण, कळ, सल, चुरचुर, भगभग, हुळहुळणं. डोकं ठणकतं, गळू ठसठसतं, काटा सलतो, आणि यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. पेशंटने 'ठसठसतंय' म्हटलं की निम्मं निदान झालं, असं ती सांगते. एकदा सुरगाण्याकडची एक म्हातारी तिच्याकडे आली आणि म्हणाली, "गुडघ्यात कुरमुरतंय." असं क्रियापद मैत्रिणीने पूर्वी ऐकलं नव्हतं, मीही नाही. पण कुरमुऱ्यांवर मूठ दाबल्यासारखा तो बारीक आवाज तिला हात लावायच्या आधीच ऐकू आला. सांध्यातली झीज. केसपेपरवर तिने त्याचं वैद्यकीय नाव लिहिलं, जे त्या म्हातारीने सातदा ऐकलं असतं तरी तिला काही दिसलं नसतं.

मोल्सवर्थच्या मराठी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) अशा शब्दांपुढे ते अनुकरणवाचक असल्याची खूण केलेली असते. साहेबाने आणि त्याच्या शास्त्रीमंडळींनी असले शब्द गावंढळ म्हणून गाळले नाहीत, याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटतं. मात्र कुठल्या तरी म्हातारीने ते पहिल्यांदा म्हटले, तेव्हा समोर कोण बसलं होतं आणि त्याला कळलं का, हे कोशात येत नाही.

दुसऱ्या जातीचे शब्द आवाजाने कळत नाहीत आणि प्रत्ययानेही नाहीत. आमच्या घरात 'सटाणा होणं' असं एक क्रियापद आहे. चुलत सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणतात, तरुणपणी मुलगी बघायला एसटीने पिंपळगाव बसवंतला निघाले. जुन्या सीबीएसवरून गाडी पकडली, खिडकीची जागा मिळाली, ओझर यायच्या आत डोळा लागला. जाग आली ती सटाण्याला. तोवर पिंपळगावात पोहे दोनदा गरम करून झाले होते. लग्न तिथेच झालं, त्यामुळे ही हकिकत विसरण्याची आबांना कधी सोय राहिली नाही. काकूंनी तिचं क्रियापद करून टाकलं. आधी नुसतं उतरायचं ठिकाण चुकण्यासाठी, मग कुठलीही गोष्ट हवी त्याच्या पुढे वाहत गेली की. दुधाचं सटाणा होतं, भाषणाचं होतं. बोहारणीशी घासाघीस चालली असताना ती उठून जायला निघाली तर आतून हळूच आवाज येतो, "पुरे, सटाणा होईल."

बाहेरच्या माणसाला यातलं काही कळायचं कारण नाही. त्याला आधी पिंपळगाव, मग सटाणा, मग आबा सांगावे लागतात आणि तोवर दूध खाली सांडलेलं असतं. तरी हा शब्द आमच्याकडचा सगळ्यात धडधाकट शब्द आहे.

आणि घराचं काय घेऊन बसलात, आख्खं नाशिक असं बोलतं. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की शहरातला कुणीही माणूस गोदावरी किती फुटांवर आहे ते विचारत नाही. तो विचारतो, "दुतोंड्याला कुठवर लागलं?" रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती हेच आमचं माप. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. २०१९ च्या ऑगस्टात तो पुरता बुडाला होता. नागपूरहून बदलून आलेल्या एका सहकारी बाईंनी पहिल्या पावसाळ्यात शेजारच्या टेबलावरचा फोन ऐकला: "गळ्याला लागलंय म्हणे, संध्याकाळपर्यंत बुडतोय बघ." आणि फोन ठेवून तो माणूस शांतपणे चहा प्यायला लागला. बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याच बाईंना "सासूबाई रोज सकाळी गंगेवर जातात" हेही काशीचंच वाटलं होतं. इथे गोदावरी म्हणजे गंगा, हे नाशिककर सांगायला विसरतो, कारण ते सांगायचं असतं हेच त्याला माहीत नसतं. रंगपंचमीला रहाड उघडली म्हणून पोरं पळत सुटतात तेव्हाही असंच. रंगीत पाण्याचा तो पेशवेकालीन हौद, आणि त्यात उड्या मारायच्या असतात, हे 'रहाड' या आवाजातून कुणाच्या लक्षात येईल?

कळू नये म्हणूनच केलेले शब्दही असतात, ते वेगळे. व्यापाऱ्यांची नंदभाषा होती. आकड्यांना निराळी नावं, म्हणजे गिऱ्हाइकासमोर भाव बोलता यावा. गुरांच्या बाजारात तर शब्दही नको, रुमालाखाली बोटं दाबायची. लहानपणी आम्ही च ची भाषा बोलायचो आणि आई ती न कळल्याचं सोंग करायची. सटाणा तसा नाही. तो लपवायला केलेला नाही. फक्त बाहेरच्याला त्याची कधी गरज पडलेली नाही.

याच्या उलट भ्रमणध्वनी. कुणाला कळत नाही? शाळेत गेलेल्या प्रत्येकाला कळतो. भ्रमण माहीत आहे, ध्वनी माहीत आहे, दूरध्वनीचा धडा गिरवून झालेला आहे. लग्नपत्रिकेत तो असतोच, खाली दहा आकडे. पण गादीखाली, सोफ्याच्या फटीत, दप्तरात हात घालून शोधताना "माझा भ्रमणध्वनी बघितला का गं?" असं विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. १९६० मध्ये भाषा संचालनालय झालं, सरकारी पदांची नावं मराठीत आली आणि त्या पदनाम कोशाला लोकांनी 'बदनाम कोश' म्हणून हिणवलं. मला ती थट्टा थोडी अन्यायाची वाटते. आयुक्त हा शब्द आता पेपर टाकणारा पोरगाही वापरतो. पण पाटी जिल्हाधिकारी कार्यालयाची आणि लोक जातात कलेक्टर ऑफिसला, हेही खरंच आहे.

शेजारच्या भगूरचे सावरकर. महापौर, दिग्दर्शक, हुतात्मा हे त्यांनी घडवलेले शब्द आपण इतके वापरले की ते कुणी घडवले असतील असं आता वाटतही नाही. महापौर ऐकून 'पुर'वरून 'पौर' झाला असं कुणाच्या डोक्यात येतं? महा कळला, माणूस शहराचा आहे हे कळलं, काम भागलं. दिग्दर्शकाची गरज सिनेमावाल्यांना होती. भ्रमणध्वनीची कुणालाच नव्हती, मोबाईल स्वतःच्या नावानिशी हातात आला होता. शब्द कळतो का आणि शब्द राहतो का, हे दोन प्रश्न आपण एकच समजतो. सगळ्यांना कळणारा भ्रमणध्वनी पत्रिकेबाहेर पडत नाही, आणि कुणालाच न कळणारा सटाणा आमच्या ओट्यावर रोज लागतो.

टिळकवाडीत राहिलेल्या वि. वा. शिरवाडकरांचं टोपणनाव याच दोन टोकांच्या मधलं आहे. सहा भावांत एकटी असलेली बहीण कुसुम, तिचा थोरला भाऊ म्हणून कुसुमाग्रज. नातं अगदी घरातलं. त्या घराबाहेर कुणालाही कुसुम ठाऊक असायचं कारण नव्हतं. तरी २७ फेब्रुवारी आली की राज्यभरातल्या फलकांवर ते नाव लिहिलं जातं, आणि अग्रज म्हणजे काय हे लिहिणाऱ्याला विचारलंत तर तो गांगरेल.

इतका वेळ मी दोन जातींचे दोन ढीग करून बसले होते. माझ्या धाकट्या जावेने ते विसकटले. ती कोल्हापूरची. लग्न होऊन आली तेव्हा तिने सोबत आणलेल्या बऱ्याच गोष्टींत 'शेजारचा कुकर' होता. तिच्या माहेरी एकदा शिट्ट्या मोजता मोजता कुणीतरी धावत जाऊन गॅस बंद केला आणि मग लक्षात आलं की शिट्टी भिंतीपलीकडची होती. आपला भात कच्चा. तेव्हापासून ज्या गोष्टीची काळजी करायचं आपल्याला काही कारण नाही ती, शेजारचा कुकर. यामागे हकिकत आहे, म्हणून हा सटाण्याच्या जातीचा. पण तिने तो पहिल्यांदा म्हटला तेव्हा सासूबाई एकदम म्हणाल्या, "हो, आपल्याला काय त्याच्याशी." हकिकत न ऐकता. मला वाटतं भिंतीपलीकडच्या कुकरची शिट्टी ज्याने ऐकली नाही असा माणूस फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांत सापडणं कठीण. आबांची झोप फक्त आबांना लागली होती. ती शिट्टी सगळ्यांच्या घरी वाजते.

आता दोन्ही माहेर-सासरचे शब्द एकमेकांत मिसळलेत. परवा जाऊ फोनवर कुणाला तरी सांगत होती, "अगं त्यांच्या भांडणाचं सटाणा झालंय, पण आपल्याला तो शेजारचा कुकर आहे." पलीकडे तिची कोल्हापूरची बहीण. तिने 'काय?' म्हणून विचारलं, की कळल्यासारखं केलं, ते मला माहीत नाही.

पुतणी, ती टुप्याची, आता चौथीत आहे. तिला हे सगळे शब्द मराठीतच असतात असं वाटतं. सटाण्याचं तिने पुढे 'सटाणणे' करून घेतलंय. मी वाचता वाचता सटाणले, तो पळता पळता सटाणला, चालवतेही नीट सगळ्या काळांत. गेल्या वर्षी यशवंतराव महाराजांच्या यात्रेच्या सुमाराला आम्ही सगळे गाडीने सटाण्याला गेलो. मागच्या सीटवर आबा, पाहुण्यांसारखे सरळ बसलेले, या रस्त्याला जागं राहण्याचा त्यांचा निश्चय असतो. गावाच्या वेशीवर पाटी आली. तिने ती वाचली, परत वाचली, आणि काच खाली करून आम्हा सगळ्यांना विचारलं, "असं नाव का ठेवलं गावाचं? इथल्या लोकांनी काय केलं होतं?"

काकू इतक्या हसल्या की नवऱ्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. आबा म्हणाले, "विचार तुझ्या आजीला."